दोन्ही दिवे वाढवा

माईंनी पदर खोचला, बसच्या दाराशी लावलेल्या पांढऱ्या दिव्याखाली जाऊन त्या उभ्या राहिल्या आणि उजवा हात पुढे करून स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिल्या. हात उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. दिवेलागणीची वेळ होती. शिवगोंडाच्या गॅरेजच्या आवारात आम्ही तिघं निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तसे उभे होतो.

"नाही," माई म्हणाल्या.

"नाही म्हणजे?" आमचे हे पुढे सरसावले. "आई, चाळीस वॅटचा फ्लडलाइट आहे हा. ह्याच्या उजेडात सुई ओवता येईल तुला."

"मला सुई ओवायची नाही."

मग बसच्या कडेकडेने चालत त्या मागच्या टोकाला गेल्या. तिथे माझा दिवा होता. लहानसा, पिवळा, वर पत्र्याची टोपी असलेला. कोल्हापूरला जाऊन मी तो स्वतः निवडून आणला होता. पिवळ्या उजेडाला किडे कमी येतात, डोळ्यांना त्रास होत नाही, शेजारी कुणी झोपलेलं असलं तर त्याच्या तोंडावर झोत जात नाही आणि बॅटरीही फार खात नाही. एवढे गुण एका दिव्यात असताना माई त्याला नाव ठेवणार नाहीत अशी माझी खात्री होती. माईंनी त्याच्याखाली हात धरला आणि लगेच मागे घेतला.

"हळद लागल्यासारखं दिसतंय सगळं. ह्यात काय कळणार?"

माझी हार बघून ह्यांना इतका आनंद झाला की आपणही नुकतेच हरलोय हे ते विसरले.

"मी सांगू का बाई?" शिवगोंडा मध्ये पडला. "निळा टाकूया. वरनं निळी पट्टी, खालनं हिरवी पट्टी. ट्रकवाले माझ्याकडनं तेच लावून घेत्यात. गाडी लांबनं वळखू येती बगा."

"शिवगोंडा, आम्हाला ह्यात राहायचंय. वरात नाही काढायची," मी म्हटलं.

तो दोन पावलं मागे सरकला. सातवीत मी त्याला भूगोल शिकवला होता आणि त्याने परीक्षेत गोदावरी राजस्थानातून वाहवली होती. पुढे तो गाड्यांच्या वायरिंगमध्ये नावाजला, स्वतःचं गॅरेज काढलं, पण मी समोर असले की अजूनही जरा अंग चोरूनच उभा राहायचा.

"चला आता घरी," माई म्हणाल्या. आणि जाता जाता शिवगोंडाला सांगितलं, "हे दोन्ही दिवे वाढवा."

"व्हय माई," तो म्हणाला.

माईंचं हे बोलणं आमच्या घरात रोजचं. त्यामुळे माझ्या कानांना त्यात काहीच खटकलं नाही.

ह्या गोष्टीला आता दहाएक वर्षं झाली. मी शाळेतून निवृत्त झाले होते, हे साखर कारखान्यातून. दोघांनी मिळून एका शाळेची जुनी बस विकत घेतली होती आणि तिचं घर करायला काढलं होतं. गडहिंग्लजमध्ये आम्हाला वेड लागलंय ह्यावर सगळ्यांचं एकमत होतं. बाकडी काढून पलंग झाले, ओटा झाला, टाकी बसली, पडदे मी शिवले. उरले होते ते फक्त बाहेरचे दिवे.

मला जायचं होतं. हट्टाने, लहान मुलासारखं जायचं होतं. सगळी नोकरी मी पोरांना नकाशावर बोट ठेवून देश फिरवला. कच्छचं रण, चिल्का सरोवर, ब्रह्मपुत्रेची वळणं. चिल्का खारं आहे असं वर्षानुवर्षं ठासून सांगितलं, पण त्याचं पाणी काही जिभेला लावून पाहिलं नव्हतं. स्वतः मी पुण्याच्या पलीकडे फारशी गेलेच नव्हते.

पण सगळं माईंवर अडलं होतं. माई म्हणजे माझ्या सासूबाई, वय पंचाहत्तरच्या पुढे, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. त्यांना घरी एकटं ठेवून जाणं आम्हा दोघांच्याही मनाला पटणारं नव्हतं. त्या आल्या तर बस निघणार, नाहीतर तिचा लिलाव. आम्ही सहा महिने विचारत होतो आणि त्या सहा महिने "बघू" म्हणत होत्या. शेवटी एकदा म्हणाल्या, "दाराबाहेर उजेड कसा पडतो ते बघते. उजेड चांगला असला तर येते."

बस्स. एवढंच. का, कशाला, काही नाही.

आम्ही आमच्या अकलेप्रमाणे अर्थ लावला. गुडघे अधू, पायऱ्या उंच, परक्या गावात अंधार, विंचूकाट्याची भीती. ह्यांनी लगेच पायऱ्यांना पट्ट्यांचे दिवे लावून घेतले, दाराला धरायला दांडी बसवली. माईंनी पायऱ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या दिव्याखाली हात धरायच्या आणि नाही म्हणायच्या.

गॅरेजमधल्या त्या संध्याकाळनंतरचा आठवडा आमच्या घरात दिव्यांचा हंगाम होता. ह्यांनी गॅलरीत एक वायर ताणली आणि रोज संध्याकाळी तिला नवा दिवा टांगायचा सपाटा लावला. दुधी काचेचा, जाळीचा, कोळी लोक होडीवर लावतात तसला, गोठ्यातला. शेजारच्या नलूवन्सं कठड्यावरून विचारायच्या, "आज कुठला गं, कुंदा?" माई देवापुढे दिवा लावून गॅलरीत यायच्या, हात धरायच्या, मान हलवायच्या आणि आत जाऊन भाजी निवडायला बसायच्या.

"माईंच्या डोळ्यातच काही असेल," मी ह्यांना म्हटलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. डॉक्टरांनी सगळ्यात खालची ओळ वाचायला लावली. माईंनी ती वाचली आणि त्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचून दाखवलं.

मग मात्र माझा धीर सुटला. त्या भाजी निवडत होत्या, मी समोर जाऊन बसले.

"माई, तुम्हाला यायचंच नसेल तर तसं सांगा. मी रागावणार नाही. पण दिव्याचं निमित्त नको."

त्यांनी मेथीची काडी खाली ठेवली. "कुंदा, मला यायचं नसतं तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. मी कधी कुणाची भीड धरलीय?"

हे मात्र खरं होतं. बाजारपेठेतलं आमचं बांगड्यांचं दुकान सासऱ्यांच्या मागे माईंनीच चालवलं होतं. आम्ही कासार. दुकानात आलेल्या मामलेदारीणबाईंनाही माईंनी, "हा रंग तुम्हाला शोभत नाही," असं तोंडावर सांगितलेलं मी ऐकलं आहे. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर तो गाळा भाड्याने दिला. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळत. माईंना विश्रांती मिळाली म्हणून आम्ही खूश होतो. माईही काही बोलल्या नव्हत्या. फक्त संध्याकाळी, दुकानात गर्दी व्हायची त्या वेळेला, त्या घरात इकडून तिकडे येरझारा घालायच्या. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून चालतात, असं आम्ही समजत होतो.

शनिवारी शिवगोंडाचा फोन आला. "बाई, काम झालं. माईंनी सांगितल्यापरमाणं केलंय. सांजच्याला या."

"माईंनी काय सांगितलं होतं?" ह्यांनी मला विचारलं.

"मला काय माहीत? माई, तुम्ही शिवगोंडाला काही सांगितलंत?"

"मी? मी कशाला सांगू?" माई म्हणाल्या. पण लगेच उठून पातळ बदलून आल्या आणि खांद्याला कापडी पिशवी अडकवली.

आम्ही गॅरेजवर पोचलो तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता. शिवगोंडाने बस आवाराच्या मधोमध उभी केली होती. त्याची बायको सुवर्णा चहा घेऊन पायरीवर आली होती. शिवगोंडा आमच्याकडे बघून तोंडभर हसला आणि त्याने खटका ओढला.

बसची अख्खी डावी बाजू झगमगली. एक पांढरा, एक पिवळा, एक पांढरा, एक पिवळा, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दिव्यांची रांगच रांग. आवारातलं कुत्रं भुंकत बाहेर पळालं. संकेश्वर रोडवरून जाणारी एक रिक्षा थांबली. सूतगिरणीतून सुटलेल्या बायका घोळक्याने घरी चालल्या होत्या, त्याही फाटकाशी उभ्या राहून आत बघायला लागल्या.

"अरे, हे काय केलंस?" हे किंचाळलेच. "ऑर्केस्ट्राची गाडी आहे का ही? बॅटरी तासाभरात बसेल!"

शिवगोंडाचं हसू मावळलं. "माईंनीच सांगितलं न्हवं का काका? जाताना म्हणल्या, हे दोन्ही दिवे वाढवा. म्हणून दोन्ही वाढवले. पांढरं बी वाढवलं, पिवळं बी वाढवलं. मापात एका आड एक बसवलं. रबर घालून, पाण्याचा थेंब आत जायचा न्हाई."

ह्यांनी कपाळाला हात लावला. मला मात्र असं हसू फुटलं की चहाचा कप सुवर्णाच्या हातात परत द्यावा लागला.

कासाराच्या घरात बांगडी कधी फुटत नाही, ती वाढते. नारळ वाढतो, दुकान बंद होत नाही तर वाढवतात, आणि दिवासुद्धा कुणी विझवत नाही, वाढवतात. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा "माई, माझी बांगडी फुटली" असं म्हणाले होते, तर दुकानातल्या चार बायकांनी माझ्याकडे मी शिवी दिल्यासारखं पाहिलं होतं. अशुभ बोलायचं नाही म्हणून ही सगळी उलटी भाषा. माईंना म्हणायचं होतं, दिवे बंद करा. आणि माझ्या विद्यार्थ्याने भूगोलात दाखवली नव्हती इतकी आज्ञाधारकता दाखवून दोनाचे बारा केले होते.

"आता सगळे काढ," हे म्हणाले. "ते वरचे दोन ठेव फक्त."

"थांब रे दिगू," माई म्हणाल्या.

त्या हसत नव्हत्या. दाराजवळ गेल्या. डोक्यावर एक पांढरा दिवा होता, बाजूला एक पिवळा, आणि दोन्हींचा उजेड खाली येईपर्यंत एकमेकांत मिसळून गेला होता. माईंनी त्यात हात धरला. उलटा केला, सुलटा केला. मग पिशवीत हात घातला आणि दोऱ्यात ओवलेल्या बांगड्यांचा एक घोस बाहेर काढला. सगळ्या हिरव्या. निदान मला तरी सगळ्या हिरव्याच दिसल्या.

"हा पोपटी," माई एकेक बोटाने सरकवत म्हणाल्या. "हा चुड्याचा हिरवा. हा शेवाळी. आणि हा मोरपंखी. दिसतोय. अगं कुंदा, मोरपंखी वेगळा दिसतोय!"

त्यांचा आवाज चिरकला होता. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"आई, बांगड्या कशाला आणल्यास?" ह्यांनी विचारलं.

माईंनी सुवर्णाकडे पाहिलं. तिच्या हातात प्लॅस्टिकचं एकेक कडं होतं, बाकी हात मोकळे.

"ये गं, इकडे ये. बस पायरीवर. हात दे. अगं दे, चावत नाही मी."

सुवर्णा लाजत बसली. माईंनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला, अंगठ्याखालचा भाग हलकेच दाबला, बोटं जुळवली, हात मऊ केला. "घट्ट धरू नकोस. माझ्याकडे बघ. पोरं किती तुला?" सुवर्णा पोरांविषयी सांगायला लागली आणि तिचं पहिल्या पोराचं नाव सांगून होईपर्यंत पहिली बांगडी मनगटावर जाऊन बसलीसुद्धा. दुसरी, तिसरी, चौथी. गुडघे गेले होते, पण त्या बोटांना काहीही झालं नव्हतं.

"एकही वाढली न्हाई की!" सुवर्णा हात हलवून म्हणाली.

"वाढली म्हंजे?" शिवगोंडाने विचारलं.

"अवो, फुटली न्हाई. बायका वाढलीच म्हणत्यात." आणि मग आपल्या नवऱ्याने काय करून ठेवलंय ते तिच्या ध्यानात आलं. तिने पदर तोंडाला लावला, पण हसू पदरात मावेना. शिवगोंडा कधी दिव्यांकडे, कधी माईंकडे बघत राहिला.

फाटकाशी उभ्या असलेल्या बायका एव्हाना आत आल्या होत्या. "मावशी, विकायच्या हायत का?" एकीने विचारलं. "मावशी, मला ती मोरपंखी दावा." माईंनी मोरपंखी बांगडी तिच्या मनगटाशी धरली, उजेडात फिरवली आणि म्हणाल्या, "तुला ही नको. तुझ्या हाताला शेवाळी दिसेल. बघ." त्या बाईने पाहिलं आणि मान डोलावली.

मी बसच्या चाकाला टेकून उभी होते. मला एकदम सगळं कळलं, आणि कळल्यावर डोळे भरून आले. आणि आम्ही पायऱ्यांना दिवे लावत बसलो होतो.

"माई," मी जवळ जाऊन म्हटलं, "तुम्हाला बाहेर बसून बांगड्या भरायच्या आहेत."

"मग काय नुसतं खिडकीतून डोंगर बघत बसू?" त्यांनी माझ्याकडे न बघताच म्हटलं. हातात कुणाचं तरी मनगट होतं. "लग्न होऊन आले तेव्हा दुकान कुठे होतं? सासूबाईंबरोबर मी जत्रा करायचे. बैलगाडीतून. दिवसभर बायका देवाला, सैपाकाला. बांगड्या भरायला संध्याकाळी यायच्या. आणि आमच्याकडे एक कंदील. त्यात हिरवं काय नि निळं काय, सगळं काळंच. सकाळी बायका भांडायला हजर. कासारणीने फसवलं म्हणून. सासूबाई लबाड नव्हत्या गं. पण रडकुंडीला यायच्या. तेव्हापासून माझ्या मनात होतं, आपला स्वतःचा चांगला उजेड पाहिजे आणि आपली स्वतःची गाडी पाहिजे. मग दुकान झालं, आणि ते राहूनच गेलं."

"मग आम्हाला आधी का नाही सांगितलंस?" ह्यांनी विचारलं.

"आधी उजेड होतोय का ते तर बघायला हवं. तुझ्या पांढऱ्यात पोपटी आणि पिवळा एकच दिसला असता. हिच्या पिवळ्यात सगळंच हळदीचं. उजेडच नसता तर सांगून काय उपयोग होता? तुम्ही आपले म्हणाला असता, बिचारीची हौस राहिली. मला बिचारी नाही व्हायचं."

ह्यांनी खाली बघितलं. मग कामाचं बोलले, कारण असं काही झालं की ते कामाचंच बोलतात. "बारा दिवे बॅटरीला झेपणार नाहीत, आई."

"मला बारा कशाला? दाराजवळची ही जोडी ठेव, आणि पलीकडची एक. बाकीचे काढून टाक."

"काढायचे म्हंजे काढायचेच ना, माई?" शिवगोंडाने दोन्ही हात जोडून विचारलं. "सरळ सांगा. पाना लावून खाली उतरवायचे?"

बायकांना काय झालं ते ठाऊक नव्हतं, तरी सुवर्णाचं हसणं बघून त्याही हसायला लागल्या. ह्यांनी जोड्यांना वेगवेगळे खटके लावायला सांगितले आणि शिवगोंडा वायरी मोजत बसच्या मागे गेला. तेवढ्यात मला माझी आठवण झाली.

"माई, पण आम्ही फिरायला निघालोय. चिल्का, कच्छ..."

"तू फीर ना. मी कुठे नको म्हणते? मार्गशीर्षात म्हसवडची जत्रा, पौषात पाल आणि औंध, चैत्रात जोतिबा. ह्यांच्या मध्ये केवढे दिवस रिकामे पडलेत. तेव्हा तुझं ते तळं बघून येऊ."

"सरोवर आहे ते, माई. देशातलं सगळ्यात मोठं..."

"तेच ते. तिकडच्या बायका बांगड्या घालतच असतील की."

भूगोलाच्या तासाला मला कुणी इतक्या सहज गप्प केलं नव्हतं. मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले. घोसातल्या बांगड्या संपत आल्या होत्या. दिव्यांभोवती किडे जमले होते. ह्यांनी त्याबद्दल माझ्याकडे एकदा विजयी नजरेने पाहिलं, आणि आपला पांढरा दिवाही त्यातच आहे हे लक्षात आल्यावर नजर वळवली. मला त्या वेळी किड्यांचंसुद्धा कौतुक वाटत होतं.

शेवटची बाई हात मिरवत फाटकाकडे गेली. माईंनी रिकामा दोरा गुंडाळून पिशवीत टाकला, पाय लांब केले आणि आम्हा दोघांना समोर बोलावलं.

"आता नीट ऐका. जत्रेत धूळ असते. रात्र रात्र लाउडस्पीकर असतो. पाण्यासाठी रांग लावावी लागते. मी हे सगळं केलंय, तुम्ही केलेलं नाही. चार दिवस हौस आणि पाचव्या दिवशी तोंड वाकडं, असं मला चालणार नाही. मला गाडी चालवता येत नाही. मधूनच परतलात तर मी काय करू? तेव्हा आत्ताच विचार करून सांगा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"येतो, आई," हे म्हणाले. "आम्ही येतो तुझ्याबरोबर."